एनबीएतील रूकींची सुरुवातीची कामगिरी आणि तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि नोव्हेंबर सरण्याच्या आत जवळजवळ प्रत्येक नव्या खेळाडूचा निकाल लावून झालेला असतो. या घाईत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. खेळाडू आज कसा खेळला हा एक, आणि या पातळीवर रोज उभे राहण्याची त्याची तयारी किती झाली आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात, सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना काय पाहावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, याविषयी सतत विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

रूकी नेमके कोणाला म्हणतात?

खेळाडू ज्या हंगामात एनबीएचा पहिला सामना खेळतो तो त्याचा रूकी हंगाम; ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने केलेली निवड, कोणत्या वर्षी झाला याला येथे महत्त्व नाही. ब्लेक ग्रिफिन २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, दुखापतीमुळे सबंध हंगाम बाहेर बसला आणि २०१०-११ मध्ये रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम रूकी, ठरला. बेन सिमन्सच्या बाबतीतही तसेच झाले : निवड २०१६ ची, पुरस्कार २०१७-१८ चा. अशा खेळाडूला मैदानाबाहेर का होईना, पण वर्षभर संघासोबत वावरण्याची संधी मिळालेली असते. दुसरीकडे लुका डॉन्चिचसारखा खेळाडू एनबीएत येण्याआधीच, २०१८ मध्ये, रेआल माद्रिदच्या बास्केटबॉल संघाकडून खेळताना वयाच्या १९ व्या वर्षी युरोलीग या युरोपातील क्लब स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला असतो. म्हणून रूकींची एकमेकांशी तुलना करण्यापूर्वी कोण कुठून आला आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण हा शब्द फक्त एनबीएतले पहिले वर्ष सांगतो, खेळाडूचा अनुभव सांगत नाही.

पदार्पणाच्या सामन्यावरून काही ठरवता येते का?

जवळजवळ काहीच नाही. ३० ऑक्टोबर २०१३ या एकाच रात्री दोन रूकी पहिल्यांदा मैदानात उतरले. फिलाडेल्फियाच्या मायकल कार्टर-विल्यम्सने गतविजेत्या मायामी हीटविरुद्ध २२ गुण, १२ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास), ७ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ९ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) अशी कामगिरी केली आणि त्याच्या संघाने तो सामना जिंकला. न्यूयॉर्कमध्ये मिलवॉकीकडून एक सडपातळ, अठरा वर्षांचा ग्रीक मुलगा काही मिनिटांपुरता खेळला आणि त्याच्या नावावर एक गुण लागला. पहिला खेळाडू त्या वर्षीचा रूकी ऑफ द इयर झाला. दुसरा, यानिस अँटेटोकुम्पो, वर्षभरात सामन्यामागे ६.८ गुणांवर थांबला आणि पुढे २०१९ व २०२० असे सलग दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने कार्टर-विल्यम्सला सोडले तेव्हा तो गेला तो नेमका मिलवॉकीलाच, यानिसच्या संघात.

याचा अर्थ चांगले पदार्पण हे वाईट लक्षण आहे असा मुळीच नाही. पाओलो बँकेरोने २०२२ मध्ये पहिल्याच सामन्यात २७ गुण केले आणि वर्षअखेरीस पुरस्कारही मिळवला. सांगायचे एवढेच की त्या एका रात्रीने दोन्ही बाजूंना काही सिद्ध होत नाही.

समर लीगमधील कामगिरीला किती वजन द्यावे?

जुलैमध्ये, हंगामापूर्वी नव्या खेळाडूंसाठी होणाऱ्या समर लीगचे सामने ४० मिनिटांचे असतात, खेळाडूला बाद होण्यापूर्वी १० फाऊलची मुभा असते आणि समोरचे अनेक जण करारासाठी धडपडणारे असतात. चार-पाच दिवसांच्या सरावावर उभ्या राहिलेल्या संघांत ठरलेल्या चाली कमी आणि एकट्याने बास्केटकडे घुसणे जास्त दिसते. म्हणून तेथील गुणसंख्येला मी फारसे महत्त्व देत नाही.

जुलै २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामा शार्लटविरुद्ध पहिला सामना खेळला आणि त्याचे १३ पैकी फक्त २ शॉट पडले, एकूण गुण ९. एवढ्यावरून शंकाकुशंका सुरू झाल्या. त्याच सामन्यात त्याने ५ शॉट अडवले होते, याकडे मात्र कमी जणांनी लक्ष दिले. दोनच दिवसांनी पोर्टलंडविरुद्ध त्याने २७ गुण आणि १२ रिबाउंड मिळवले. प्रत्यक्ष हंगामात सामन्यामागे २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.६ ब्लॉक (अडवलेले शॉट) करून तो एकमताने रूकी ऑफ द इयर झाला आणि सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात स्थान मिळवणारा पहिला रूकी ठरला. शॉट पडले नाहीत ही त्या एका दिवसाची बाब होती. हात उंचावून बास्केट राखण्याची त्याची क्षमता मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होती. समर लीग पाहायचीच तर अशा नजरेने पाहावी.

मत बनवण्यापूर्वी किती सामने थांबावे?

हे कशाबद्दल मत बनवायचे आहे यावर अवलंबून आहे. थ्री-पॉइंटरचे, म्हणजे दूरच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचे, उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त घाई तेथेच होते. समजा, एखाद्या खेळाडूची खरी क्षमता ३५ टक्क्यांची आहे. त्याने १०० प्रयत्न केले तर केवळ नशिबाच्या हेलकाव्यामुळे त्याचा आकडा साधारण २५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही दिसू शकतो. वीसपैकी एकोणीस वेळा तो या पट्ट्यात असेल, पण पट्टा किती रुंद आहे ते पाहा. २६ टक्केवाल्याला आपण नेमबाजी येत नाही म्हणून हिणवतो, ४४ टक्केवाल्याला लीगमधला अव्वल नेमबाज ठरवतो आणि दोघेही मुळात एकाच दर्जाचे असू शकतात. सामन्यात चार प्रयत्न करणाऱ्या रूकीला हे शंभर प्रयत्न गाठायलाच २५ सामने लागतात. प्रयत्नांची संख्या चौपट, म्हणजे ४०० झाली की हा पट्टा निम्म्यावर येतो, आणि तेवढे प्रयत्न अनेक रूकींचे पूर्ण वर्षातही होत नाहीत.

म्हणून थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीबाबत पहिल्या हंगामात ठाम बोलूच नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी फ्री थ्रो, म्हणजे फाऊलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, पाहावेत. तेथे समोर बचावपटू नसतो, अंतर ठरलेले असते, त्यामुळे हाताची मूळ घडण अधिक स्वच्छ दिसते. फ्री थ्रो ८५ टक्के पडत असतील आणि थ्री-पॉइंटर ३० टक्केच, तर सुधारणेची आशा ठेवायला आधार आहे. उलट फ्री थ्रो ६० टक्क्यांवर अडखळत असताना थ्री-पॉइंटर ४० टक्के पडत असतील, तर थोडे थांबलेले बरे.

मग लवकर विश्वासार्ह ठरणारे आकडे कोणते?

जे खेळाडूच्या शरीरावर, सवयीवर आणि हालचालीवर अवलंबून असतात, ते. रिबाउंडचे प्रमाण, ब्लॉक, स्टील, फाऊल, फ्री थ्रो मिळवण्याची वारंवारता आणि एकूण शॉटपैकी किती शॉट कुठून घेतले जातात, हे सर्व तुलनेने कमी सामन्यांत स्थिरावते. शॉट पडला की नाही यापेक्षा तो कुठून घेतला हे आधी समजते.

सामन्यामागे गुण कमी असतील तर खेळाडू कमी पडतो आहे असे समजावे का?

आधी मिनिटे पाहावीत. कोबी ब्रायंटने १९९६-९७ च्या रूकी हंगामात सामन्यामागे ७.६ गुण केले, पण तो खेळत होता जेमतेम साडेपंधरा मिनिटे. जिमी बटलर २०११-१२ मध्ये सामन्यामागे नऊ मिनिटेही खेळला नाही आणि त्याचे सरासरी गुण २.६ होते. दोघेही चांगल्या, भरलेल्या संघांत आले होते आणि तेथे त्यांच्या जागी खेळणारे अनुभवी खेळाडू होते. मिनिटे किती मिळतात हे रूकीच्या गुणवत्तेइतकेच त्याच्या संघाच्या गरजेवर ठरते.

याच कारणासाठी ३६ मिनिटांमागे किती गुण, असे हिशेब मांडले जातात. १२ मिनिटांत ६ गुण करणारा ३६ मिनिटांमागे १८ गुणांचा दिसतो. हिशेब बरोबर असला तरी एक सावधगिरी हवी : त्या १२ मिनिटांत त्याच्यासमोर बहुधा प्रतिस्पर्ध्यांची राखीव फळी असते, आणि मिनिटे तिप्पट झाली की दम, फाऊल आणि समोरच्याची तयारी या तिन्ही गोष्टी बदलतात. गुणांची किंमत जाणण्यासाठी त्यासोबत ट्रू शूटिंग टक्केवारी पाहावी. एकूण गुणांना, घेतलेले शॉट अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट या बेरजेच्या दुपटीने भागले की ती मिळते. २० शॉट घेऊन २० गुण आणि १२ शॉट घेऊन २० गुण यांतला फरक तेथे लगेच उघडा पडतो. कार्टर-विल्यम्सने पुरस्काराच्या वर्षी सामन्यामागे १६.७ गुण केले खरे, पण त्याचे थ्री-पॉइंटर जेमतेम २६ टक्के पडत होते, आणि पुढच्या प्रवासात हीच उणीव त्याला भोवली.

कमकुवत संघातील रूकीचे मोठे आकडे फसवे असतात का?

काही प्रमाणात. कार्टर-विल्यम्सच्या त्या वर्षीच्या फिलाडेल्फियाने ८२ पैकी १९ सामने जिंकले, सलग २६ हरले, आणि तो संघ लीगमधील सर्वांत वेगवान खेळ करणाऱ्यांपैकी होता. वेग वाढला की प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू अधिक वेळा येतो आणि सर्वच आकडे फुगतात. त्यातच चेंडू हाताळणारा दुसरा कोणी नसेल तर रूकीला चुका करत राहण्याची मोकळीक मिळते. हे त्याच्या वाढीसाठी चांगलेही असू शकते. परंतु वरच्या संघात, जेथे त्याला चेंडूशिवाय उभे राहावे लागेल, तेथे तो काय करील याचे उत्तर त्या आकड्यांत नसते.

तयारी म्हणजे नेमके काय?

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धेतून आलेल्या खेळाडूसाठी येथे खेळाची मापेच बदलतात. तेथे सामना ४० मिनिटांचा, येथे ४८. तेथे शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्याची मुदत, ३० सेकंदांची, येथे २४. थ्री-पॉइंटरची रेषा तेथे ६.७५ मीटरवर, येथे समोरून ७.२४ मीटरवर आणि कोपऱ्यांत ६.७० मीटरवर. शिवाय एनबीएत बचावपटूला कोणालाही न राखता बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक वेळ थांबता येत नाही. महाविद्यालयात असा नियम नसल्याने उंच खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो. तेथे भिंतीसारखा भासणारा सेंटर येथे सतत आत-बाहेर धावताना गोंधळून जातो, तो याचमुळे.

या बदलांमागे एक समान गोष्ट आहे : निर्णयासाठी वेळ कमी आणि मैदान मोठे. म्हणून तयारी म्हणजे माझ्या दृष्टीने वेळेवर योग्य जागी असणे. पिक-अँड-रोलमध्ये, म्हणजे एक आक्रमक बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे वळतो त्या चालीत, सहकारी मागे पडला तर मदतीला केव्हा निघायचे आणि मदत करून आपल्या माणसाकडे केव्हा परतायचे. चेंडू हाती आल्यावर अर्ध्या सेकंदात शॉट, पास की ड्रिबल हे ठरवणे. शॉट चुकला तर मागे धावणे. हे ज्याला जमते त्याला ४ गुण करूनही प्रशिक्षक मैदानात ठेवतो, आणि ज्याला जमत नाही तो १५ गुण करूनही शेवटच्या पाच मिनिटांत बाकावर बसतो. चौथ्या क्वार्टरमध्ये, सामना अटीतटीचा असताना, रूकी मैदानात आहे का, हे पाहणे ही तयारी जोखण्याची सर्वांत सोपी रीत आहे, कारण ते मत आपले नसून त्याच्या प्रशिक्षकाचे असते.

बचाव कसा जोखावा? आकडे पुरेसे आहेत का?

नाहीत. स्टील आणि ब्लॉक जुगार खेळूनही मिळतात. एका स्टीलसाठी तीनदा जागा सोडणारा खेळाडू आकड्यांत चांगला आणि चित्रफितीत वाईट दिसतो. प्लस-मायनस, म्हणजे खेळाडू मैदानात असताना दोन संघांच्या गुणांत पडलेला फरक, हा आकडा तर थोड्या सामन्यांत सोबतच्या चार जणांविषयीच जास्त बोलतो. त्यातल्या त्यात फाऊलचे प्रमाण उपयोगी पडते. नवा खेळाडू पायांनी उशिरा पोहोचला की हात पुढे करतो, आणि तोच फाऊल असतो. ऑक्टोबरच्या तुलनेत मार्चमध्ये फाऊल कमी झाले, मिनिटे मात्र वाढली, तर बचाव सुधारला असे मानायला हरकत नाही.

चेंडू वारंवार गमावणे हे अपरिपक्वतेचे लक्षण नाही का?

नेहमीच नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधले आहे. केटलिन क्लार्कने मे २०२४ मध्ये इंडियाना फीव्हरकडून पदार्पण केले तेव्हा २० गुणांसोबत १० टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) केले. महाविद्यालयाचा अंतिम सामना ७ एप्रिलला, ड्राफ्ट १५ एप्रिलला आणि पहिला व्यावसायिक सामना १४ मेला. एनबीएच्या रूकीला मिळणारे समर लीगचे आणि उन्हाळ्याचे महिने तिच्या वाट्याला आलेच नाहीत. वर्षअखेरीस एका हंगामातील सर्वाधिक असिस्टचा विक्रम तिच्या नावावर झाला, ३३७, आणि सर्वाधिक टर्नओव्हरचाही. दोन्ही विक्रम एकाच स्वभावातून आले होते : इतरांना न दिसणारा पास तिला दिसत होता आणि तो टाकण्याचे धाडसही तिच्यात होते.

टर्नओव्हर मोजण्यापेक्षा त्यांचे प्रकार पाहावेत. सहकारी चेंडूसाठी तयार नसताना गेलेला वेगवान पास ही एकत्र सरावाने मिटणारी चूक आहे. दबाव आल्यावर ड्रिबलच तुटत असेल, किंवा दोन बचावपटू अंगावर येताच खेळाडू हवेत उडी मारून मग पास शोधत असेल, तर ती खोलवरची उणीव आहे आणि ती एका हंगामात जात नाही.

वयाचा विचार किती करावा?

बराच. २००६ च्या ड्राफ्टपासून खेळाडूने ड्राफ्टच्या वर्षात १९ वर्षे पूर्ण करणे आवश्यक आहे, म्हणजे अनेक रूकी कोवळ्या वयाचे असतात. त्यांच्याच रांगेत चार-पाच वर्षे महाविद्यालयात खेळून आलेला चोवीस वर्षांचा माणूसही उभा असतो. माल्कम ब्रॉग्डन असाच. २०१६ मध्ये ३६ व्या क्रमांकावर निवडला गेलेला ब्रॉग्डन सामन्यामागे १०.२ गुण करून रूकी ऑफ द इयर झाला, तर त्याच वर्षी २०.२ गुणांची सरासरी असलेला जोएल एम्बीड फक्त ३१ सामने खेळू शकला म्हणून मागे राहिला. ब्रॉग्डन त्या दिवशी अधिक तयार होता आणि अधिक उपलब्ध होता. पुढे कोण किती उंच जाईल हा प्रश्न त्या पुरस्काराने विचारलाच नव्हता. तीच कामगिरी १९ व्या वर्षी आणि २४ व्या वर्षी झाली, तर पहिलीत वाढीला बरीच अधिक जागा आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत रूकी अचानक खाली का घसरतात?

महाविद्यालयीन हंगाम साधारण ३०-३५ सामन्यांत संपतो. एनबीएत तेवढे सामने डिसेंबर-जानेवारीपर्यंतच होतात आणि पुढे आणखी पन्नासच्या आसपास बाकी असतात, तेही लागोपाठच्या रात्री आणि विमानप्रवासासह. थकवा आधी पायांत उतरतो, म्हणून शॉट आखूड पडू लागतात. दुसरे कारण म्हणजे तोपर्यंत प्रतिस्पर्ध्यांकडे त्याच्या खेळाच्या पुरेशा चित्रफिती जमा झालेल्या असतात. उजवीकडेच जाणाऱ्याला सगळे डावीकडे ढकलू लागतात. या घसरणीपेक्षा मार्चमधले उत्तर अधिक महत्त्वाचे. ज्याने तोवर दुसरी वाट शोधलेली दिसते, त्याच्याबद्दल मी आशावादी असतो.

जी लीगला पाठवणे ही पदावनती समजावी का?

सहसा नाही. बाकावर बसून पाहण्यापेक्षा एनबीएच्या या दुय्यम लीगमध्ये ३५ मिनिटे खेळायला मिळतात. पास्कल सियाकम टोरंटोकडून रूकी हंगामात अनेक सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, नंतर त्याला खाली पाठवण्यात आले, आणि २०१७ मध्ये टोरंटोच्या रॅप्टर्स ९०५ या दुय्यम संघाला विजेतेपद मिळवून देताना तो अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन वर्षांनी टोरंटो एनबीएचा विजेता झाला तेव्हा तो त्या संघाचा आधारस्तंभ होता. टू-वे करारावरील, म्हणजे मुख्य आणि जी लीग अशा दोन्ही संघांत खेळणाऱ्या, खेळाडूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांना मुख्य संघासोबत हंगामात जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी उपलब्ध राहता येते, त्यामुळे त्यांचे येणे-जाणे करारातच आहे.

संघांना स्वतःला निर्णय केव्हा घ्यावा लागतो?

आपण समजतो त्यापेक्षा बरेच लवकर. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूच्या करारात पहिली दोन वर्षे हमीची असतात. तिसरे आणि चौथे वर्ष ठेवायचे की नाही हे संघाच्या हाती असते. तिसऱ्या वर्षाचा निर्णय मात्र रूकी हंगाम संपल्यानंतरच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावा लागतो. म्हणजे खेळाडूचा दुसरा हंगाम नुकताच सुरू होत असताना, हातात प्रामुख्याने एकाच वर्षाचा खेळ असताना, संघाला तिसऱ्या वर्षाचे ठरवावे लागते. बहुतेक संघ अशा वेळी खेळाडूला ठेवून घेतात, कारण रूकी करार तुलनेने स्वस्त असतो आणि प्रतीक्षेची किंमत कमी असते. म्हणूनच एखाद्या संघाने इतक्या लवकर हे वर्ष नाकारले, तर ती बातमी कोणत्याही सरासरीपेक्षा गंभीरपणे घ्यावी : सराव, चित्रफिती आणि वैद्यकीय अहवाल, हे सारे पाहिलेल्या माणसांनी तो निर्णय घेतलेला असतो.

एकच सामना पाहायला मिळणार असेल तर नजर कुठे ठेवावी?

चेंडूवरून काढून रूकीच्या पायांवर. त्याच्या हातून चेंडू गेल्यानंतरची पाच सेकंदे पाहावीत : तो उभा राहतो, की कोपऱ्यात सरकून जागा मोकळी करतो. त्याचा शॉट चुकल्यानंतर तो पंचाकडे पाहतो की मागे धावतो. समोरचा संघ त्याला मुद्दाम लक्ष्य करून त्याच्याच माणसाला पिक लावायला बोलावतो का, आणि बोलावत असेल तर तिसऱ्या-चौथ्या वेळी तो आधीच बोलून सहकाऱ्याला सावध करतो का. टाइम-आउटनंतरच्या पहिल्या चालीत तो योग्य जागी पोहोचला नाही, तर सहकारी हाताने खूण करून त्याला हलवताना दिसतात. नोव्हेंबरमध्ये असे प्रत्येक रूकीच्या बाबतीत घडते, एप्रिलपर्यंत काहींच्या बाबतीत थांबते.